एकशे त्रेचाळीस नावं

“आधी या बाईला गप्प करा, मग यादीचं बोलू,” ढोबळे म्हणाले आणि त्यांनी माझ्यावर बोट रोखलं.

“बाई कुणाला म्हणता?” मी खुर्ची मागं सारून उभी राहिले. “मेंबर म्हणा. तुम्ही बायकोच्या खुर्चीवर बसता, मी माझ्या स्वतःच्या खुर्चीवर बसलेय. आणि ते बोट खाली घ्या. मी नवऱ्याचं बोट सोसलं नाही, तुमचं कुठून सोसू?”

काळदाते साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. ते पालिकेचे अधिकारी, आमच्या समितीचे सचिव. “शालनताई, बसा. ढोबळे, तुम्हीही बसा. आज यादी पक्की झाली नाही तर मंडईचे ओटे लिलावात जातील, आयुक्तांचं तसं पत्र आलंय. भांडायचं असेल तर खाली टपरीवर जाऊन भांडा.”

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, एप्रिल महिना, दुपारचे तीन. डोक्यावरचा पंखा फिरतोय की थांबलाय ते वर बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

मी भाजी विकते. तेव्हा पोस्टासमोरच्या रस्त्यावर बसायची. मेथी, शेपू, कोथिंबीर, सगळी पालेभाजी. रस्त्यावर विकणाऱ्यांचं काय करायचं हे ठरवताना विकणाऱ्यांनाही विचारा, असा कायदा आला, म्हणून पालिकेनं पथविक्रेता समिती काढली. आम्ही तिला फेरीवाला कमिटी म्हणायचो. नऊ मेंबर. त्यातले चार आम्ही विकणारे, आमच्याच लोकांनी मतं टाकून निवडलेले. बाकी रहिवाशांचे, दुकानदारांचे, आणि एक वॉर्डाची नगरसेविका. पगार नाही, भत्ता नाही. महिन्याला एक बैठक, एक कप चहा, दोन बिस्किटं, आणि त्या दिवशीचा धंदा बुडाला तर तो आपला आपण. मी सातवी शिकलेली. कमिटीत बसून तुझी भाषा सुधारली, असं लोक म्हणतात. सुधारली कसली! साहेबांशी भांडायला साहेबांची भाषा लागते, म्हणून शिकले.

ढोबळे हे नगरसेविकेचे यजमान. निवडून बाई आल्या, बैठकीला यायचे हे. बाईंना मी दोनदा पाहिलं होतं, एकदा बॅनरवर आणि एकदा हळदीकुंकवाला.

पोस्टामागं पालिकेनं नवी मंडई बांधली होती. एकशे पंचावन्न ओटे, वर पत्र्याचं छप्पर, आत पाण्याचा नळ. ज्याला ओटा मिळेल तो छपराखाली बसणार. ज्याला मिळणार नाही त्याला रस्ता बंद. बसलाच तर अतिक्रमणाची गाडी येणार आणि टोपलीसकट माल उचलून नेणार. आमच्यासारख्या बायकांचं सगळं आयुष्य त्या ओट्यावर अडकलं होतं.

आणि यादीची तऱ्हा मला चांगली माहीत होती. आधीच्या मंडईच्या वेळी अशीच यादी झाली होती. ज्यांनी जन्मात कोथिंबिरीची जुडी बांधली नाही अशांची नावं तीत घुसली, आणि मग तेच लोक आमच्याच जागा आम्हाला रोजच्या भाड्यानं द्यायला लागले. म्हणून पहिल्याच बैठकीत मी ठराव मांडला. आगाऊ न सांगता एका दिवशी पाहणी करायची. जो आपल्या जागेवर मालासकट बसलेला सापडेल त्याचा तिथंच फोटो काढायचा आणि तिथंच त्याला चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी नाही तर ओटा नाही, कुणाची शिफारस चालणार नाही. पाहणीचा दिवस फक्त मेंबरांना माहीत असेल, आणि तो बाहेर फुटला तर सगळी यादी रद्द. रहिवाशांचे प्रतिनिधी अग्निहोत्री सर, रिटायर्ड प्रोफेसर, त्यांनी तो ठराव चांगल्या भाषेत लिहून दिला. अक्षर त्यांचं होतं, डोकं माझं. ढोबळेंचा चेहरा त्या दिवशी उतरला, तो बघून मी घरी जाऊन शिरा केला होता.

पाहणी झाली. एकशे त्रेचाळीस लोकांना चिठ्ठ्या मिळाल्या. सगळे खरे, सगळे आमचे. मग मागून बारा अर्ज आले, “आम्ही त्या दिवशी हजर नव्हतो, आमचंही नाव घ्या.” त्यातले अकरा ढोबळेंचे. कुणी त्यांचा ड्रायव्हर, कुणी त्यांच्या मेहुण्याचा जोडीदार.

बारावा अर्ज हौसाक्काचा.

ती त्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसली होती. साठीची बाई, लुगड्यावर मयत नवऱ्याचा शर्ट, पाय वर घेऊन, पालिका आपल्या बापाची असल्यासारखी. बत्तीस वर्षं पोस्टासमोर बसत होती. मी त्या बैठकीच्या एकोणीस वर्षं आधी दोन पोरं घेऊन त्या रस्त्यावर आले, तेव्हा हिनं आपलं पोतं फाडून अर्धं मला बसायला दिलं. पालेभाजीवर पाणी किती मारायचं, गिऱ्हाईक घासाघीस करून निघून जायला लागलं तर कितव्या पावलाला हाक मारायची, हे सगळं हिनं शिकवलं. पाहणीच्या दिवशी ती लेकीच्या गावी गेली होती, नातवाच्या जावळाला. बत्तीस वर्षांत मोजून चार दिवस घरी राहिली असेल, त्यातला एक नेमका तो.

“हे बघा,” ढोबळे आता गोड आवाजात बोलायला लागले. “ओटे एकशे पंचावन्न. यादीत एकशे त्रेचाळीस. राहिले बारा. अर्ज किती? बारा. इतकं चपखल बसलंय, उगाच कशाला ताणायचं? या आजींचं नाव घाला, माझ्या अकरा जणांचीही घाला. विषय संपला.”

“आजींचं नाव घालायचं, कारण त्या बत्तीस वर्षं बसतायत,” मी म्हटलं. “तुमच्या अकरा जणांना उभं करा इथं. शेपू कुठली आणि बडीशेपेचा पाला कुठला, एवढं ओळखून दाखवू दे. मी ठराव मागं घेते.”

“म्हणजे तुम्ही आजींची शिफारस करताय?”

“शिफारस कसली? सगळ्या रस्त्याला माहीत आहे.”

“सगळ्या रस्त्याला माहीत असेल, कागदाला नाही. चिठ्ठी नाही तर ओटा नाही, शिफारस चालणार नाही. ठराव कुणाचा, शालनताई?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अग्निहोत्री सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला इतका राग आला होता की हातात तराजूचं वजन असतं तर मी ते फेकलं असतं.

“एकट्या आजींसाठी दार उघडलं, की माझ्या अकरा जणांसाठीही उघडायला लागेल,” ढोबळे म्हणाले. “नाहीतर दोन्हीकडं बंद. तुम्ही सांगा.”

“बंद,” मी म्हटलं.

म्हणून टाकलं खरं, पण मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. मागून हौसाक्काचा आवाज आला, “व्हय, करा बंद. माझ्या पायी कुनी खोटं घुसाय नगं.” तो आवाज आभार मानणाऱ्याचा नव्हता. भाजीवर थुंकलेल्या गिऱ्हाइकाशी ती जशी बोलायची तसा होता.

काळदाते साहेबांनी कपाळ चोळलं आणि दहा मिनिटांची सुट्टी दिली. चहा आला.

आम्हा दोघींचं तसं महिनाभर धड बोलणं नव्हतं, ते सांगायला हवं. निवडणुकीत माझ्यासाठी घसा कोरडा करून फिरली ती हौसाक्काच. आणि निवडून आल्यावर मला सळो की पळो केलं तेही तिनंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “ही आमची मेंबरीन. हिच्याकडची मेथी आता सरकारी हाय, भाव इचारू नगा.” गिऱ्हाइकं हसायची. एकदा काळदाते साहेब जागा बघायला आले. मी पदर सारखा करून त्यांना रस्त्याची मापं सांगत होते, तोच ही बसल्या जागेवरून ओरडली, “शाले, सायबाला च्या आन जा पळत. आन येताना माझी तंबाखूची पुडी आन.” साहेब हसले. मी गेले, चहा आणला, पुडीही आणली. एकोणीस वर्षं मी तिच्यासाठी पुडी आणतच होते, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या दिवशी अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे.

चहाचा कप घेऊन मी हॉलबाहेर आले. जिन्याकडच्या कोपऱ्यात पाण्याचा कूलर होता. कूलरच्या पलीकडं ढोबळे आणि हौसाक्का उभे होते. त्यांना मी दिसत नव्हते. मी तिथंच थांबले. चोरून ऐकणं वाईट, पण ढोबळेंचं उघड ऐकूनही कधी खरं कळत नाही.

“आजी, तुमच्यावर अन्याय झालाय,” ढोबळे म्हणत होते. “आणि कुणी केला? तुमच्याच माणसानं. पाहणीचा दिवस मेंबरांना तीन दिवस आधी माहीत होता.”

“तिला ठावं हुतं?” हौसाक्कानं विचारलं.

“मग! ठराव तिचाच. आता तुम्ही एवढंच करा. आत येऊन म्हणा, शालननं बाजारात चार बायकांना दिवस आधीच सांगितला होता. बस. दिवस फुटला म्हणजे यादी रद्द. पुन्हा पाहणी लागेल. आयुक्तांकडून मुदत मी आणतो, लिलावाची काळजी करू नका. तुम्ही पहिल्या नंबरावर बसा आपल्या जागेवर. ओटा तुमचा.”

“आन तुमची अकरा मानसं?”

“तीही बसतील टोपल्या घेऊन. मागच्या वेळी बायकोच्या नावाचं पत्र मी उशिरा बघितलं, आता ती चूक व्हायची नाही. तुम्हाला काय त्याचं?”

हौसाक्कानं कूलरचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं. ढोबळे “विचार करा” म्हणून आत गेले.

मी पुढं झाले. “काय म्हणत होता तो?”

तिनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू मेंबर हाईस. तुला समदं आधी ठावं असतंय म्हनं.”

“अक्का, मी काय करू सांग. तुझं नाव घातलं तर ते अकरा घुसतील. मग पुन्हा आपण त्यांच्या भाड्यानं बसायचं का?”

“म्या मागितलं का तुला काय? हात पसरला का तुझ्यापुढं?”

“मग अर्ज कशाला दिलास?”

“अर्ज पालिकेला दिलाय, तुला न्हाय,” असं म्हणून ती मला खांदा मारूनच आत गेली. कपातला चहा माझ्या हातावर सांडला.

सुट्टीनंतर काळदाते साहेब म्हणाले, यादी पक्की करण्याआधी सगळे फोटो एकदा पडद्यावर बघून घेऊ, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. क्लार्कनं लॅपटॉप लावला. भिंतीवर एकेक फोटो यायला लागला आणि साहेब नाव वाचायला लागले. सगळ्या बायका सारख्याच. विटकं लुगडं, वर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट, डोळे बारीक केलेले, कुणाच्या हातात जुडी, कुणाच्या हातात अर्धी भाकरी. पाहणीवाले अचानक येऊन उभे राहिले की माणूस जसा दिसतो तसे.

मग माझा फोटो आला.

मोरपंखी इरकल, लेकाच्या लग्नातली. अंगावर शर्ट नाही. केस चापूनचोपून, अंबाड्यात शेवंतीची वेणी. बरोबर कॅमेऱ्याकडं बघून हसतेय.

हॉलमध्ये खसखस पिकली. मागून हौसाक्का बोलली, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “इरकल नेसून आली हुतीस व्हय गं.”

ढोबळे ताडकन उठले. “बघा! बघा, साहेब! एकशे त्रेचाळीस फोटोंत हा एकच नटलेला. लग्नाला आल्यासारखी आली ही त्या दिवशी. पोस्टासमोरच्या बाया काय आंधळ्या आहेत? त्यांनी विचारलं नसेल, आज काय आहे म्हणून? हिनं सांगितलं नसेल? दिवस फुटला होता. हिच्याच ठरावाप्रमाणं यादी रद्द करा.”

“मी कुणाला सांगितलं नाही,” मी म्हटलं.

“तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्या शेजारी बसणाऱ्या आजी इथं आहेत. त्यांनाच विचारू. सांगा आजी, न घाबरता सांगा. या बाईनं बाजारात दिवस फोडला होता की नाही?”

काळदाते साहेबही हौसाक्काकडं बघायला लागले. “सांगा, आजी. तुम्ही म्हणाल ते मी लिहून घेणार.”

हौसाक्का बाकावरून उठली. तिला गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागलं. मला सगळं दिसत होतं. तिनं नुसतं “व्हय” म्हटलं की तिला ओटा मिळणार, माझी मेंबरकी जाणार, तोंडाला काळं फासलं जाणार, आणि एकशे त्रेचाळीस बायाबापड्यांच्या चिठ्ठ्या केराच्या टोपलीत. आणि तिनं “व्हय” म्हणायला मी कारणही दिलं होतं, ते फक्त मला आणि तिला माहीत होतं.

“न्हाय,” हौसाक्का म्हणाली.

“नीट आठवा, आजी,” ढोबळे म्हणाले.

“नीटच आठवतंय. हिनं कुनाला सांगितलं न्हाय. मला बी न्हाय. आदल्या सांजला म्या हिला म्हटलं, शाले, उद्या मी यायची न्हाय, लेकीकडं चाललोय, माझी जागा बघ. ही काय म्हनाली ठावं हाय? बरं म्हनाली.” तिनं माझ्याकडं बघितलं. “व्हय का न्हाय गं? बरं म्हनालीस ना?”

मी हो म्हणून मान हलवली.

“तिला ठावं हुतं आन ती बरं म्हनाली. आता लिवा, काय लिवायचं ते.”

काळदाते साहेबांनी ते लिहून घेतलं.

ती संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते. ती टोपल्या एकात एक घालून सुतळीनं बांधत होती. नातवासाठी घेतलेलं झबलं तिनं मला काढून दाखवलं, पिवळं, बदकाच्या चित्राचं. “बघ, आखूड न्हाय ना व्हायचं?” म्हणाली. परवा जा, एवढंच म्हणायचं होतं मला. कारण सांगायचीही गरज नव्हती, तिनं विचारलंही नसतं. दोन शब्द. ते माझ्या जिभेवर आले आणि त्याच वेळी तिनं शेजारच्या लसूणवालीला हाक मारली, “आमच्या मेंबरीनबाईवर सोपवून चाललोय गं दुकान, इस्कटलं तर सरकार भरून देईल!” लसूणवाली फिदीफिदी हसली. मी म्हटलं, “बरं.”

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला गार वाटलं. उद्या हिला चिठ्ठी मिळणार नाही. मग येईल माझ्याकडं, मग कळेल मेंबरीण म्हणजे काय. मग मी साहेबांना शब्द टाकीन आणि हिचं नाव घालून घेईन, आणि ही जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालून बसेल. असं सगळं ठरवत मी घरी गेले आणि इरकल पेटीतून काढून ठेवली. शिफारशीचं दार मीच बंद करून ठेवलंय, हे त्या रागात माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटो काढून झाला, चिठ्ठी हातात पडली, चिठ्ठीच्या खाली नियम छापलेले होते, ते वाचले तेव्हा लक्षात आलं.

हॉलमध्ये अग्निहोत्री सर उभे राहिले.

“साहेब, याहून मोठा पुरावा काय हवा? या बाईनं स्वतःच्या जिवाभावाच्या माणसालासुद्धा दिवस सांगितला नाही. ती आपली जागा गमावणार हे कळत असताना सांगितला नाही! आपण सुशिक्षित लोक समित्यांवर बसतो, आपल्यापैकी कुणाला हे जमलं असतं? मला लाज वाटते. शालनताई, मी तुम्हाला नमस्कार करतो.”

आणि त्यांनी खरंच हात जोडले. मग दुकानदारांच्या मेंबरनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. क्लार्कसुद्धा टाळ्या वाजवत होता. काळदाते साहेब म्हणाले, “दिवस फुटलेला नाही, हे सभेपुढं सिद्ध झालं. यादी एकशे त्रेचाळीस नावांसह मंजूर. बारा अर्ज फेटाळले.” ढोबळेंनी फाइल उचलली आणि खुर्चीला लाथ मारून निघून गेले.

मी उभीच होते. बोलायला हवं होतं मी. थांबा, टाळ्या थांबवा, तुम्हाला वाटतं तसं काही नाही, असं म्हणायला हवं होतं. पण रागानं गप्प बसले म्हटलं असतं, तर ढोबळे दारातून परत आले असते, यादीवर पुन्हा वाद झाला असता, असं मी स्वतःला सांगितलं. तेही होतंच. पण टाळ्या गोड लागत होत्या, हेही होतं. आयुष्यात पहिल्यांदा साहेब लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

बाकावर हौसाक्का नव्हती.

मी धावत जिन्यापाशी गेले. ती एकेक पायरी उतरत होती, कठड्याला धरून. दुसऱ्या मजल्यावर मी तिला गाठलं.

“अक्का, थांब. तू खोटं का नाही बोललीस? ओटा मिळाला असता तुला.”

“आन त्या एकशे त्रेचाळीस जनी? लसूनवालीला तीन पोरी हायत. त्यांच्या पोटावर पाय दिऊ?” ती थांबली नाही. “तुझ्यासाठी न्हाय बोलले मी. तू मेलीस तरी मला काय न्हाय.”

“मी काहीतरी करते. साहेबांशी बोलते. पुढच्या यादीत...”

“शाले.” आता ती थांबली आणि वळली. “एक सांग. ते मास्तर आत म्हनत हुते, नेमासाठी गप बसलीस म्हनं. खरं हाय का त्ये? का माझा काटा काढायचा हुता?”

जिन्यावर कुणी नव्हतं. फक्त ती आणि मी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो मला परवडला असता. ती खरंच विचारत होती. काटाच काढायचा होता, असं मी म्हटलं असतं तर ती चार शिव्या देऊन गेली असती, आणि वर्षभरानं कदाचित माझ्याकडून पुडीही मागवली असती. मला माहीत आहे ती बाई. पण वरच्या टाळ्या अजून माझ्या अंगावर होत्या.

“नियमासाठी,” मी म्हटलं.

तिनं मान डोलवली, हळूच, दोनदा.

“तराजू धराय मी शिकवला तुला,” ती म्हणाली. “ह्ये न्हाय शिकवलं. ह्ये तू हितं शिकलीस.”

आणि ती उतरून गेली.

मंडई सुरू झाली. मला नळाजवळचा ओटा मिळाला, सत्तावीस नंबर. उरलेले बारा ओटे पुढं लिलावात गेले आणि त्यातले चार ढोबळेंच्या मेहुण्यानं घेतले. हौसाक्का मंडईच्या फाटकाबाहेर पोतं टाकून बसायला लागली. आत येणारं गिऱ्हाईक तिच्यापुढूनच यायचं, मला ती ओट्यावरून दिसायची. मी दोनदा पाण्याची बाटली पाठवली, ती तशीच परत आली. आठ महिन्यांत अतिक्रमणाची गाडी तीनदा आली. तिसऱ्यांदा टोपल्या उचलल्या, त्या सोडवायला ती पालिकेत गेलीच नाही. लेकीच्या गावाला निघून गेली. पुढच्या दिवाळीत मी तिथं गेले होते. तिनं दारात पाणी दिलं, आत ये म्हणाली नाही.

मी त्यानंतर दोनदा मेंबर झाले, बिनविरोध. नवे मेंबर निवडून आले की पालिका त्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण देते, त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. अग्निहोत्री सर आता खूप थकलेत, तरी येतात, आणि दर वेळी मला पुढं बोलावतात. “शालनताई, तो पाहणीचा प्रसंग सांगा यांना. प्रामाणिकपणा काय असतो ते कळू दे.”

मी सांगते. ढोबळेंपासून सुरुवात करते, लोक हसतात. मग फोटोंचं सांगते, मग हौसाक्का उठून काय म्हणाली ते सांगते, आणि सरांनी हात जोडले तिथं थांबते. हॉलमध्ये टाळ्या वाजतात आणि मी जागेवर जाऊन बसते.